धर्मत्याग आणि निवृत्तिवेतन

एखाद्या मनुष्याने आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे एखाद्या धर्मसंस्थेच्या चाकरीत घालवावी, आणि ज्या श्रद्धेच्या बळावर ती चाकरी पत्करली ती श्रद्धाच आपल्या अंतःकरणातून नाहीशी झाली आहे असे उतारवयात त्यास आढळून यावे. त्याने ते लपवून न ठेवता स्पष्टपणे सांगावे व संस्था सोडावी. अशा मनुष्यास त्या संस्थेने ठरलेले निवृत्तिवेतन, म्हणजे रोजच्या बोलण्यात आपण ज्यास पेन्शन म्हणतो ते, द्यावे किंवा नाही? प्रश्न दिसण्यात लहान आहे. अशी माणसे थोडी आणि रकमाही थोड्या. परंतु नीतिविचारात प्रश्नाचे मोल त्यात गुंतलेल्या माणसांच्या संख्येवरून ठरत नसते. मनुष्याची श्रद्धा आणि त्याची भाकरी यांचा परस्परांशी संबंध काय असावा, हा फार जुना व फार नाजूक प्रश्न येथे रुपयांच्या रूपाने आपल्यापुढे येतो. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती मंडळ्यांपुरता आहे, असे कोणी समजू नये. देवळाचा गुरव, दर्ग्याचा मुजावर, गुरुद्वाराचा ग्रंथी, मठाचा कारभारी, या सर्वांच्या बाबतीत तो उद्भवू शकतो. तथापि ख्रिस्ती मंडळ्यांत पाळक, उपदेशक, शाळामास्तर, दवाखान्यातील परिचारिका व कंपाउंडर यांची नेमणूक होते, महिन्याचा पगार ठरतो, बऱ्याच ठिकाणी फंडाची कपात होते, आणि म्हातारपणी काय मिळेल याचेही नियम असतात. गुरवाचे बलुते सुगीच्या वेळी खळ्यावर मिळते व त्याच वर्षी संपते. पाळकाच्या चाकरीचा काही भाग मात्र संस्थेकडे पुढील वर्षांसाठी शिल्लक राहतो. या शिलकेचा धनी कोण, हाच येथील मुद्दा होय. आणि तो ख्रिस्ती मंडळ्यांच्या उदाहरणावरून जितका स्वच्छ दिसतो तितका अन्यत्र दिसत नाही.

आमच्या परभणी जिल्ह्यातील वाचकांस या प्रश्नाची एक बाजू जुन्या दफ्तरांवरून परिचयाची असेल. हा जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यात जमिनीची व रोख रकमेची नाना प्रकारची इनामे असत. त्यांतील दोन प्रकार आपल्या विषयास लागू पडतात. एकास ‘मशरूत-उल-खिदमत’ म्हणत. म्हणजे सेवेच्या अटीवर दिलेले इनाम. देवळात दिवाबत्ती करावी, मशिदीत बांग द्यावी, आणि त्याबद्दल जमीन खावी. सेवा बंद पडली की इनामावरचा हक्कही डळमळीत झाला. दुसऱ्यास ‘मदद-मआश’ म्हणत. म्हणजे चरितार्थास साहाय्य म्हणून राजाने कृपेने दिलेले. त्याच्या मुळाशी सेवेचा करार नसे, दात्याची मर्जी असे. पुढे हैदराबाद संस्थानातील इनामे मोडण्याचा कायदा १९५४ साली झाला, तेव्हाही धर्मसंस्थांच्या इनामांचा विचार इतरांहून वेगळा करावा लागला. इतकी ही गुंतागुंत खोल गेलेली होती.

आता धर्मत्याग करणाऱ्याच्या पेन्शनविषयी जे वाद ऐकू येतात, त्यांत याच दोन कल्पना नकळत वावरत असतात. संस्थेचे चालक म्हणतात, “सेवा व श्रद्धा या अटींवर आम्ही देत होतो; अट मोडली, देणे संपले.” ही झाली मशरूत-उल-खिदमतची दृष्टी. आणि कित्येक सज्जन, त्या वृद्धाची कीव येऊन, म्हणतात, “बिचाऱ्याला काहीतरी द्या, म्हातारपणी कोठे जाईल?” ही झाली मदद-मआशची दृष्टी. आमच्या मते दोन्ही दृष्टी चुकीच्या आहेत. निवृत्तिवेतन हे पुढील सेवेबद्दलचे इनाम नव्हे. कारण निवृत्त मनुष्याने पुढे सेवा करावयाचीच नसते. ते दयेचे दानही नव्हे. मागे केलेल्या कामाचे, पण मागे न दिलेले, असे ते वेतन आहे. महिन्याकाठी हातात पडणारा पगार कमी ठेवून त्याचा एक भाग म्हातारपणासाठी राखून ठेवावयाचा, अशा समजुतीवरच माणूस थोड्या पगारात तरुणपण घालवितो.

सरकारी नोकरांच्या बाबतीत ही गोष्ट आपल्या देशात न्यायासनाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितलेली आहे. बिहारातील देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात १९७१ साली, आणि पुढे डी. एस. नकारा यांच्या खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, पेन्शन ही मालकाच्या लहरीवर अवलंबून असलेली मेहेरबानी नव्हे. ती पूर्वी केलेल्या सेवेने मिळविलेला हक्क आहे. हे निर्णय सरकारी नोकरांविषयींचे आहेत, आणि पाळकाचे काम ही नोकरी की सेवाव्रत, याविषयी कायदेपंडितांत मतभेद होतात, हे आम्ही जाणतो. परंतु न्यायालयाने दिलेले कारण सरकारपुरते मर्यादित नाही. केलेल्या श्रमाचे मोल श्रम संपल्यावर नाहीसे होत नाही, हे तत्त्व सरकारच्या कचेरीत खरे आणि मंडळीच्या कचेरीत खोटे, असे कसे म्हणता येईल? १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटी जप्त करण्याची जी कारणे घालून दिली, ती मालमत्तेचे नुकसान, दंगाधोपा, नीतिभ्रष्ट अपराध अशा स्वरूपाची होती. मन पालटणे हे कारण त्यांत नव्हते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाहीतर आमचे म्हणणे भलतीकडे ओढले जाईल. श्रद्धा गेली तरी पाळकाने व्यासपीठावर उभे राहावे, मंडळीच्या बंगल्यात राहावे, किंवा पाळकाचा मान घ्यावा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. धर्मसंस्थेच्या कारभाराशी जोडलेल्या पदावर त्याच धर्माचा मनुष्य असावा असा कायदा करण्यास आपल्या राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदाने मोकळीक ठेवली आहे, आणि ती योग्यच आहे. उपदेशकाच्या पदास श्रद्धा हवी, हे उघड आहे. तिच्यावाचून ते पद म्हणजे वेषधारीपणा होय. केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिजविक यांनी १८६९ साली ट्रिनिटी महाविद्यालयातील आपली फेलोशिप याच कारणास्तव सोडली. त्या फेलोशिपसाठी इंग्लंडच्या धर्ममंडळाच्या मतांस संमती द्यावी लागत असे. आपल्याला ती प्रामाणिकपणे देता येत नाही असे दिसताच त्यांनी तिचा त्याग केला. दोनच वर्षांनी, १८७१ मध्ये, पार्लमेंटाने ती अट काढून टाकली. सिजविक यांचे वर्तन थोर होते. परंतु त्यांनी सोडले ते पुढे मिळावयाचे. मागे शिकविलेल्या तासांचे वेतन परत करा, असे त्यांस कोणी म्हटले नाही. आणि म्हटले असते तर तो वेडेपणा ठरला असता. पद आणि पेन्शन यांत हाच फरक आहे: पद हे आजच्या श्रद्धेवर उभे असते, पेन्शन कालच्या श्रमावर.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप वजनदार आहे, आणि तो करणारांस आम्ही अनुदार म्हणणार नाही. ते म्हणतात, “मंडळीचा पैसा म्हणजे विधवेने पदरच्या गाठीचे सोडून दिलेले नाणे, शेतमजुराने उपाशी राहून दिलेले धान्य. ते त्यांनी देवाच्या कार्यासाठी दिले. जो आता देवच मानीत नाही, त्याच्या घरची चूल या पैशावर पेटावी काय?” या प्रश्नास आमचे उत्तर असे की, तो पैसा देवाच्या कार्यासाठी दिलेला होता आणि ते कार्य झालेले आहे. या मनुष्याने तीस वर्षे मुलांस अक्षरे शिकविली, प्रेतांस मूठमाती दिली, लग्ने लावली, आजाऱ्यांच्या उशाशी रात्री काढल्या. ज्या गवंड्याने प्रभुमंदिराची भिंत बांधली, तो ख्रिस्ती होता की नव्हता हे विचारून त्याची मजुरी कोणी दिली नाही. भिंत सरळ आहे की नाही एवढेच पाहिले. मग ज्याने माणसे घडविली त्याच्या मजुरीला मात्र वेगळा न्याय का?

या ठिकाणी ख्रिस्ती मंडळीच्या स्वतःच्या इतिहासातील एक प्रकरण आठवते. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत डोनाटिस्ट नावाचा पंथ निघाला. छळाच्या काळात ज्या धर्माधिकाऱ्यांनी कच खाल्ली, त्यांनी दिलेले बाप्तिस्मे व केलेले विधी व्यर्थ होत, असे त्यांचे म्हणणे. संत ऑगस्टीन यांनी या मताशी दीर्घकाळ झगडा केला, आणि विधीचे सामर्थ्य विधी करणाऱ्याच्या योग्यतेवर अवलंबून नसते, हे मत मंडळीने कायमचे स्वीकारले. म्हणजे आज श्रद्धा सोडून गेलेल्या पाळकाने वीस वर्षांपूर्वी ज्या मुलांस बाप्तिस्मा दिला, त्यांचा बाप्तिस्मा मंडळी खराच मानते. ज्यांची लग्ने लावली ती लग्ने पक्कीच समजते. जे काम आपण आजही खरे धरून चालतो, त्याच कामाची राहिलेली मजुरी तेवढी खोटी ठरवावयाची, हे तर्कशास्त्रात बसत नाही आणि धर्मशास्त्रातही बसत नाही. मजुरांची मजुरी अडकवून ठेवणाऱ्या धनिकांस याकोबाच्या पत्रात किती कडक शब्दांत खडसावले आहे, हे तर ख्रिस्ती वाचकांस आमच्याहून अधिक ठाऊक असेल.

दुसरा आक्षेप कराराचा. “नेमणुकीच्या वेळी त्याने सही करून दिली होती की, मंडळीत राहीन तोवरच पेन्शनचा हक्क सांगेन. जाणूनबुजून केलेला करार आता त्याने का मोडावा?” या आक्षेपात तत्त्वज्ञानाचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. मनुष्याने कशाचा करार करावा? जे त्याच्या इच्छेच्या अधीन आहे त्याचा. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात ज्ञान आणि क्रिया यांचा मोठा मार्मिक भेद केला आहे. क्रिया ही पुरुषतंत्र आहे, म्हणजे करणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून आहे. ती करता येते, न करता येते, किंवा निराळ्या तऱ्हेने करता येते. ज्ञान हे वस्तुतंत्र आहे. वस्तू जशी दिसेल तसे ते होते, तेथे इच्छेचे काही चालत नाही. हा भेद आचार्यांनी निराळ्या हेतूने केला असला, तरी आपल्या प्रश्नावर त्याचा लख्ख प्रकाश पडतो. मी रोज सकाळी शाळा उघडीन, दर रविवारी उपासना चालवीन, नोकरीत असेतो मंडळीच्या शिकवणुकीविरुद्ध व्यासपीठावरून बोलणार नाही, असे वचन माणूस देऊ शकतो व ते पाळू शकतो. पण ‘आणखी तीस वर्षांनी मला अमुक एक गोष्ट खरीच वाटेल’ असे वचन तो बाविसाव्या वर्षी कसे देईल? ते त्याच्या हातातच नाही. जे देता येत नाही ते लिहून घेणे हा कराराचा नुसता आकार झाला. त्यात कराराचा प्राण नाही. असे कलम ज्या संस्थेने घातले असेल तिने ते दुसऱ्या पक्षाच्या गरजेचा फायदा घेऊन घातले, असेच म्हणावे लागेल.

तिसरा आक्षेप असा: “हा मनुष्य उद्या आमच्याविरुद्ध लिहील, बोलील, आणि आमच्याच पैशावर पोट भरून बोलील.” कदाचित बोलेलही. याविषयी गेल्या-मागल्या शतकातील एक खटला मननीय आहे. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांताचे बिशप जॉन विल्यम कोलेन्सो यांनी बायबलाचे झुलू भाषेत भाषांतर करताना त्यांच्या झुलू साहाय्यकाने जलप्रलयाच्या कथेविषयी काही साध्या शंका विचारल्या. त्या शंकांचे प्रामाणिक उत्तर शोधता शोधता जुन्या करारातील पहिल्या पुस्तकांतील हकिगत अक्षरशः खरी नव्हे असे बिशपांचे मत झाले, व १८६२ पासून त्यांनी ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. केपटाउनच्या वरिष्ठ बिशपांनी त्यांस १८६३ साली पदच्युत केले. प्रिव्ही कौन्सिलाने १८६५ साली ती पदच्युती बेकायदा ठरविली. तरीही वसाहतींतील बिशपांच्या फंडाच्या विश्वस्तांनी त्यांचा पगार अडकवून ठेवला. विश्वस्तांत पुढे पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन होते. १८६६ साली लॉर्ड रोमिली यांनी निकाल दिला की, पगार दिला पाहिजे. कोलेन्सो स्वतःस ख्रिस्तीच म्हणवीत होते, तेव्हा हा पूर्ण धर्मत्यागाचा मासला नव्हे. पण विरुद्ध मत हे पैसे अडविण्याचे साधन होऊ लागले की काय होते, हे त्यावरून दिसते. ज्या मताला तर्काने उत्तर देता येत नाही, त्याला भुकेने उत्तर देण्याचा मोह होतो. असल्या उत्तराने मताचे खंडन तर होत नाहीच. उलट आपल्याजवळ दुसरे उत्तर नव्हते, अशी जगाची समजूत मात्र होते.

आता याहून बिकट अशा एका बाबीकडे वळले पाहिजे. ती म्हणजे दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या धर्मगुरूंची व धर्मभगिनींची. १९७७ साली औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत स्वतंत्र झाला व परभणी जिल्हा त्यात आला. तेव्हा येथील वाचकांस शाळांतून व दवाखान्यांतून काम करणाऱ्या सिस्टर अपरिचित नाहीत. त्या स्वतःकरिता काही राखीत नाहीत. जे मिळेल ते संघाचे. मग संघ सोडल्यास काय? १९८३ च्या धर्मसंहितेतील ७०२ वा नियम सांगतो की, संघ सोडून गेलेल्यास, तेथे केलेल्या कामाबद्दल काहीही मागण्याचा हक्क नाही. आणि लगेच पुढे असेही सांगतो की, संघाने अशा व्यक्तीशी समन्यायाने व ख्रिस्ती प्रीतीने वागावे. पहिले वाक्य वकिलाचे आहे, दुसरे धर्माचे. दुर्दैव हे की, पहिल्याचा अंमल आपोआप होतो व दुसऱ्याचा अंमल कोणाच्या तरी मनाच्या मोठेपणावर अवलंबून राहतो.

व्रत घेतले म्हणजे मनुष्य व्यवहारास मेला, ही कल्पना आपल्याकडेही जुनी आहे; संन्याशाचा पूर्वाश्रमीच्या मालमत्तेवर हक्क राहत नाही, असे हिंदू कायद्याने मानिलेले आहे. परंतु २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, अनुदानित शाळांत शिकविणाऱ्या धर्मगुरूंच्या व धर्मभगिनींच्या पगारातून आयकर कापला गेलाच पाहिजे. पगार संघास जातो ही सबब चालणार नाही. सरकारच्या दृष्टीने तो पगार जर तिचा असेल, तर त्या पगारावर संघाने जे उभे केले त्याशी तिचा काहीच संबंध नाही, हे म्हणणे फार धाडसाचे आहे. जर्मनीत तर असा नियम आहे की, संघ सोडून जाणाऱ्याच्या नावाने संघाने मागील वर्षांची वर्गणी सार्वजनिक वृद्धापकाळ-विम्यात भरावी, म्हणजे त्याची ती वर्षे हिशेबातून पुसली जात नाहीत. स्पेनमध्ये कॅथलिक धर्मगुरू १९७७ साली सामाजिक विम्याच्या कक्षेत आले. परंतु त्यापूर्वीच जे धर्मगुरुपद सोडून गेले होते, त्यांची सेवेची वर्षे कोठेच धरली जात नव्हती. अखेर १९९८ च्या सरकारी हुकुमाने ती वर्षे वर्गणी भरल्याप्रमाणे मानण्याची सोय झाली. त्या देशात कॅथलिक धर्माचा पगडा केवढा, हे सर्वांस ठाऊक आहे. तरीही हे झाले, आणि त्यामुळे तेथील धर्म बुडाला असे ऐकिवात नाही.

व्रत मोडणाऱ्यास जगू न देण्याचे परिणाम काय होतात, हे गोदातीरावरील लोकांस परदेशातून शिकावयास नको. आपेगावच्या विठ्ठलपंतांची कथा संतचरित्रकारांनी सांगितलेली आहे. संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेने पुन्हा गृहस्थाश्रमात आले, आणि समाजाने वाळीत टाकिले. देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही असे शास्त्रीमंडळींनी सांगितले. आणि आईबाप गेल्यावर चार पोरक्या मुलांस शुद्धिपत्रासाठी पैठणच्या दारात उभे राहावे लागले. त्या पोरांपैकी एकाच्या नावाने आज सारा महाराष्ट्र हात जोडतो. शास्त्रीमंडळींनी नियमाप्रमाणेच निकाल दिला असेल. पण नियमाची अंमलबजावणी ज्यांच्यावर झाली ते अपराधी नव्हते, मुले होती. पेन्शन थांबवितानाही हेच होते. मत बदलले नवऱ्याचे. पण त्याच्या अर्ध्या पगारात तीस वर्षे संसार केला तो बायकोने, आणि तिची श्रद्धा कदाचित अजून तशीच आहे.

परंतु या सर्वांहून बलवत्तर वाटणारे कारण आम्ही अद्याप सांगितलेले नाही. ते ख्रिस्ती मिशनांच्या या देशातील पूर्वेतिहासातच आहे. १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. न्यायालयाने त्यास बापाच्या स्वाधीन केले, आणि त्यास पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावर मुंबईत मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकर यांनी त्यास परत घेण्याच्या बाजूने उभे राहून जातभाईंचा रोष पत्करला. पुढे रेव्हरंड नारायण शेषाद्री जालन्यास गेले व त्याच्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव त्यांनी वसविले. जालना हे आमचे शेजारचे ठिकाण. त्या जिल्ह्यातील परतूर तालुका १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होता.

त्या काळी जो कोणी धर्म बदली, त्याचा वडिलार्जित मालमत्तेतील वाटा बुडे. ही स्थिती १८५० च्या एकविसाव्या कायद्याने कंपनीच्या मुलखापुरती पालटली. धर्म सोडल्यामुळे किंवा जातीबाहेर पडल्यामुळे कोणाचाही मालमत्तेवरील वा वारशावरील हक्क नाहीसा होणार नाही, असे त्या कायद्याने ठरविले. बंगाल व मद्रास इलाख्यांतून हिंदूंनी त्याविरुद्ध अर्ज केले. त्यांचे म्हणणे काय होते? हेच की, पितरांचे श्राद्ध करण्यासाठी जी मालमत्ता आहे, ती श्राद्ध न मानणाऱ्याने का खावी? मिशनऱ्यांनी मात्र त्या कायद्याचे स्वागत केले. मनाच्या साक्षीप्रमाणे वागणाऱ्यास उपाशी मारणे हा छळ आहे, असे ते म्हणत, आणि त्यांचे म्हणणे खरे होते.

वाचकहो, या दोन चित्रांत काय फरक आहे हे आपणच पाहावे. एकात आत येणाऱ्याच्या वाट्याचा प्रश्न आहे, दुसऱ्यात बाहेर जाणाऱ्याच्या. एकात श्राद्धाचे द्रव्य, दुसऱ्यात मंडळीचे द्रव्य. १८५० च्या कायद्याचे शब्दही कोणत्याही एका धर्माच्या नावाने लिहिलेले नव्हते. ‘कोणताही धर्म’ असेच त्यात म्हटले होते. जो तराजू आपण दुसऱ्याच्या दुकानात न्यायाचा म्हणून वाखाणिला, तोच आपल्या दुकानात आणिला असता जड वाटू लागला, तर दोष तराजूचा नव्हे. शिवाय मालमत्तेतील वाटा जन्माने मिळतो. पेन्शन घाम गाळून मिळविलेली असते. पहिला हक्क जर धर्मांतराने बुडत नाही, तर दुसरा बुडू नये हे अधिकच उघड आहे.

पेन्शन जप्त करण्याने संस्थेचे स्वतःचे जे नुकसान होते, ते तर कोणी ध्यानातच घेत नाही. पन्नाशी उलटलेला एक पाळक कल्पनेपुढे आणा. त्याचा विश्वास उडाला आहे. घर मंडळीचे, मुलीचे लग्न व्हावयाचे, दुसरी विद्या हातात नाही. आणि आज बोललो तर म्हातारपणाची भाकरी जाते, आठ वर्षे गप्प राहिलो तर ती पक्की होते, हे त्यास ठाऊक आहे. तो काय करील? शंभरांत दहा बोलतील. बाकीचे दर रविवारी उभे राहून, जे स्वतःस खरे वाटत नाही ते दुसऱ्यांस खरे म्हणून सांगत राहतील. म्हणजे ज्या नियमाने श्रद्धेचे रक्षण व्हावयाचे, त्याच नियमाने व्यासपीठावर अश्रद्धा पोसली जाते. प्रामाणिक मनुष्यास दंड होतो आणि ढोंग्यास निवृत्तिवेतन मिळते. इतकेच नव्हे, तर ज्याची श्रद्धा खरोखरच अढळ आहे अशा वृद्ध पाळकाकडे पाहूनही लोकांस शंका येऊ लागते की, हा विश्वासाने बोलतो की पेन्शनसाठी? संस्थेची मोठी संपत्ती म्हणजे तिच्या सेवकांच्या शब्दांवरील लोकांचा विश्वास; थोड्या रुपयांच्या बचतीसाठी ती पणाला लावणे हा चांगला व्यवहारही नव्हे. दार उघडे असूनही जो आत राहतो, त्याच्याच राहण्याला साक्षीचे मोल असते.

संस्थेचे कर्तव्य सांगितले, आता सोडून जाणाऱ्याचेही सांगितले पाहिजे. आपले मन फिरले आहे असे निश्चित झाल्यावर त्याने दिरंगाई करू नये. पद, घर, मान व पुढील पगार ही त्याने न मागता परत करावी. विश्वासाने सांगितलेली लोकांची गुपिते त्याने पोटातच ठेवावी. आणि श्रद्धा आणि वेतन या वस्तू किती भिन्न आहेत हे पाहावयाचे असेल, तर त्याने नारायण वामन टिळक यांचे चरित्र आठवावे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अमेरिकन मराठी मिशनमध्ये अहमदनगर येथे अनेक वर्षे काम केले, आणि १९१७ साली मिशनचे वेतन सोडून, ख्रिस्ती संन्याशाच्या वृत्तीने ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. वेतन सोडले म्हणून त्यांची श्रद्धा उणावली, असे कोणी म्हणाले नाही. उलट ती अधिक उजळली असेच म्हणतात. मग याच्या उलट प्रसंगी, श्रद्धा गेली म्हणून मिळविलेले वेतन उणावते, असे म्हणण्यास आधार कोणता? दोन वस्तू एका बाजूने सुट्या असतील तर दुसऱ्या बाजूनेही सुट्याच असणार.

व्यवहारात काय करावे, हे थोडक्यात सांगता येईल. निवृत्तीचा फंड मंडळीच्या चालू खर्चापासून वेगळा काढावा व स्वतंत्र विश्वस्तांच्या हाती ठेवावा, म्हणजे देण्याच्या वेळी कोणाचा रागलोभ आड येणार नाही. जितकी वर्षे सेवा तितका हिस्सा, असे साधे प्रमाण असावे. अफरातफर किंवा तशाच अपराधाबद्दल काढून टाकलेल्यांचा विचार वेगळा करावा. मतांतर हा अपराध त्या यादीत घालू नये. पत्नीचा वाटा स्वतंत्र लिहावा. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्यांच्या बाबतीत, संघात काढलेल्या वर्षांच्या मानाने काही रक्कम त्यांच्या नावे ठेवण्याचा नियम संघांनी आपणहून करावा. तसे झाले तर ७०२ व्या नियमातील दुसरे वाक्य कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहणार नाही.

यावर कोणी म्हणेल की, इतके केल्याने सोडून जाणारे वाढतील. वाढले तर इतकेच कळेल की, ते पूर्वीच गेलेले होते, फक्त देहाने आत होते. ज्या धर्मास आपल्या सत्याचा भरवसा आहे, त्याने बाहेर पडणाऱ्याचा हिशेब शेवटच्या पैपर्यंत चुकता करावा, आणि मग, वाटल्यास, त्याच्यासाठी प्रार्थनाही करावी. मात्र हिशेब आधी आणि प्रार्थना मागून, हा क्रम बदलता कामा नये.